गोणपाटाखालचा धूर

तुमचा सगळ्यात जास्त राग कुणावर, असं कुणी विचारलं की लोकांना वाटतं मी सीमेपलीकडच्या शत्रूचं नाव घेईन. रणगाड्यावर नोकरी काढलेला माणूस, तो दुसरं काय सांगणार? पण माझा राग आहे तो माझ्या दाजींवर, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर. ते आता नाहीत. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना माझ्या दाजींसारखे दाजी मिळालेले नसतात.

एकाहत्तरचं युद्ध संपून काही महिने झाले होते आणि मी भिंगारच्या छावणीत रणगाड्याचं ट्रेनिंग घेत होतो. रणगाड्यात चार माणसं बसतात. एक चालवतो, एक तोफेत गोळा भरतो, एक नेम धरून तो उडवतो आणि एक या तिघांवर ओरडतो. मला नेम धरणारा व्हायचं होतं. गनर. बाकीच्या तीन कामांना मी तेव्हा काम समजत नव्हतो. गाडी कुणीही चालवील, गोळे काय हमालही भरील, असं माझं मत होतं आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगायचो.

अडचण एवढीच होती की आम्हाला उडवायला गोळे नव्हते. म्हणजे होते, पण शिकाऊ पोरांच्या हाती द्यायला नव्हते. आमचे उस्ताद उत्तरेकडचे, गोळीबार शिकवण्यात केस पांढरे झालेले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, एक गोळा उडाला की एका घराचं वर्षाचं धान्य उडालं असं समजा. तो दुष्काळाचा काळ. आमच्या पाथर्डीकडच्या गावातली माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती. उस्तादांचं म्हणणं आम्हाला फोड करून सांगावं लागलं नाही. खरे गोळे मिळायचे ते कोर्सच्या शेवटी, बाहेरच्या माळावर, तेही मोजके. तोवर सगळी लढाई एका पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या शेडची गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका मोडीत निघालेल्या रणगाड्याचा वरचा भाग, तोफेसकट, लाकडी चौकटीवर बसवलेला. त्याच्यासमोर पार शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर गोणपाट ताणलेलं. रेशनवर यायच्या त्या मिलोच्या गोण्या उसवून, एकीला एक जोडून शिवलेलं. त्याला अजून त्या लाल ज्वारीचा कुबट वास यायचा. त्या गोणपाटावर अख्खा मुलूख उभा केला होता. खाली चिंध्या कोंबून टेकड्या, रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचं गवत, वाळक्या घोसाळ्यांची झाडं, खोक्याच्या पुठ्ठ्याची घरं. मध्येमध्ये वीतभर लाकडी रणगाडे, ते शत्रूचे. त्या वर्षी नगर जिल्ह्यात हिरवं काही बघायचं असेल तर आमच्या शेडमध्ये यावं लागे.

तोफेच्या नळीत एक बॅटरी बसवली होती. नेम धरून घोडा दाबला की तिच्या उजेडाचा टिकलीएवढा ठिपका गोणपाटावर पडायचा. वर मोठे दिवे लावलेले असल्यामुळे तो वरून कुणाला दिसायचा नाही. पण गोणपाटाखाली अंधार. तिथं पाठीवर पडलेल्या माणसाला विणीतून तो ठिपका चांगला दिसायचा. त्या माणसाच्या हातात एक पत्र्याची नळी, तिला मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा आणि आत खडूची पूड. जिथं ठिपका दिसेल तिथं त्यानं नळी टेकवायची आणि फुगा दाबायचा. वर गोणपाटातून पांढरा धूर फुस्सकन उठायचा. गोळा तिथं पडला असं आम्ही समजायचं. मग उस्ताद विचारायचे, किती लांब, किती डावीकडे, आता काय करशील? आम्ही चाकं फिरवून नेम दुरुस्त करायचो आणि पुन्हा घोडा दाबायचो. ना बारूद जळायची, ना डिझेल. खडूवर भागायचं.

गोणपाटाखाली पडून धूर काढणारा माणूस म्हणजे माझे दाजी.

ते छावणीत बरीच वर्षं मजूर होते. अंगानं सडपातळ, सरपटत जायला बरे, आणि खोकत नसत, म्हणून त्यांची निवड झाली. आधी एक बिडी ओढणारा मजूर ठेवला होता. बिडीचाच धूर नळीतून सोडायचा, म्हणजे खडूचाही खर्च नको, अशी कुणाची तरी कल्पना होती. त्यानं दुसऱ्याच दिवशी एका टेकडीला आग लावली. भोक पडलं तिथं निळा कागद लावून त्याचं तळं केलं आणि दाजींना आत घातलं.

मी त्यांचा मेव्हणा आहे हे शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. दाजींनीच मला बजावलं होतं, "हितं वळख दाखवायची न्हाई बरं का पाव्हणं. न्हाईतर मला काडतील आन् दुसऱ्याला घालतील." मला ते पटलं. नात्यातला माणूस असा आतबाहेर असू नये, दाजी सरळ माणूस आहे, असं मला वाटलं. माझी अक्कल तेव्हा इतपतच चालायची.

पहिले काही दिवस माझा धूर कुठंही उठायचा. एकदा तर शत्रूचा रणगाडा सोडून मी त्याच्या मागच्या देवळावर गोळा टाकला आणि सगळी तुकडी हसली. बेलापूरकडचा एक ऊसवाल्याचा पोरगा माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा. त्याचाही धूर असाच भरकटायचा. आम्ही दोघं एका माळेचे मणी होतो.

तोफेच्या चाकाला थोडी ढिलाई असते. चाक फिरवलं तरी तोफ लगेच हलत नाही, आधी ती ढिलाई संपावी लागते. म्हणून उस्तादांचा एक नियम होता. शेवटचा फेरा कायम खालून वर. नेम वर गेला तर नुसता खाली आणून थांबायचं नाही. मुद्दाम आणखी खाली न्यायचा आणि पुन्हा वर चढवत निशाणावर आणायचा. म्हणजे सगळी ढिलाई एका बाजूला जाते आणि तोफ बसल्या जागी बसते. रहाटाचा दोर ताठ झाला की मगच बादली उचलते, तसं. सांगायला सोपं आहे, पण हातात यायला महिने लागतात, आणि फार कंटाळवाणं काम आहे.

रविवारी सुट्टी मिळाली की मी भिंगारातच अक्काकडे, म्हणजे दाजींच्याच घरी, जेवायला जायचो. माझी आई लवकर गेली. शाळेसाठी मी अक्काच्याच घरी राहिलो, तिच्याच हातचं खाऊन वाढलो. अशाच एका रविवारी तिनं विचारलं, "मंग ट्रेनिंग झाल्यावर कुठं धाडतील तुला?" मी भाकरी मोडता मोडता सांगितलं की सगळे सरहद्दीवरच्या रेजिमेंटांत जातात. गोळीबारात जो पहिला येतो त्याला मात्र इथंच ठेवून घेतात, उस्तादाच्या हाताखाली. अक्का थांबली. तिच्या गल्लीत तीन घरं सोडून एक बाई राहायची. तिचा नवरा युद्धात गेला होता आणि त्याचं काहीच परत आलं नव्हतं. तार आली तेव्हा ती वाचून दाखवायला गल्लीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अक्कालाच वाचावी लागली होती. अक्कानं दाजींकडे बघितलं. दाजी ताटात बघत राहिले. मी आणखी कालवण मागून घेतलं.

त्यानंतर माझा हात बसला. निदान मला तसं वाटलं. पहिला गोळा निशाणाच्या थोडा अलीकडे, दुसरा थेट रणगाड्यावर. पुन्हा पाळी आली, पुन्हा तेच. उस्ताद शाबाश म्हणाले. चांगल्या गनरचा पहिला गोळा असाच जवळपास पडतो आणि दुसरा लागतो, असं त्यांनी तुकडीला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो उतरलोच नाही. शेवटचा फेरा खालून वर घ्यायचा कंटाळा मला आधीपासून होताच. आता तर गरजच काय? नेम कसाही आणला तरी धूर रणगाड्यावरच उठत होता. माझ्या हाताला देणगी आहे, हे नियम बेलापूरवाल्यासारख्यांसाठी आहेत, असं मी खरोखर मानत होतो.

तो बिचारा गाळात रुतलेल्या बैलासारखा त्या चाकाशी झटत होता. त्याचा धूर कधी टेकडीमागं, कधी तळ्यात. मग उस्तादांचं ओरडणं, मग पुन्हा खालून वर, पुन्हा खालून वर. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तो रिकाम्या तोफेवर बसायचा. मी त्याला म्हणायचो, "अरे, ती तोफ आहे, उसाचा चरक नाही. किती पिळशील?" तो हसायचा. त्याच्या नशिबी प्रामाणिक धूर होता, हे मला काय माहीत!

मग तो माळावरचा दिवस आला. नगरच्या बाहेर, खुरटी बाभूळसुद्धा नाही असं उजाड रान. लांबवर जुन्या गाड्यांचे सांगाडे निशाण म्हणून ठेवलेले. पहिल्यांदा खराखुरा गोळा भरलेली तोफ माझ्या हातात आली. पोटात गोळा येतो म्हणतात तसं काही झालं नाही, उलट मी खुशीत होतो. मी नेहमीसारखा नेम आणला, वरून खाली, आणि थांबलो. घोडा दाबला. अख्खा रणगाडा हादरला, नाकात बारुदीचा वास भरला. मी दुर्बिणीत बघत निशाणाच्या अलीकडे धूर उठायची वाट बघत राहिलो. तिथं काही उठलं नाही. पार पलीकडे, टेकाडाच्या उतारावर माती उडाली.

मी दुरुस्ती केली. शेडमध्ये करायचो तशीच, अंदाजानं, तोऱ्यात. दुसरा गोळा पहिल्याच्याही पुढं गेला. आता मात्र मी चाक खाली घेतलं, जरा वर, पुन्हा खाली. कुठलीच गोष्ट जागेवर राहीना. तिसरा निशाणाच्या इतका अलीकडे आपटला की आमच्याच समोर धुरळा झाला. उस्ताद आत आले, माझा हात बाजूला करून त्यांनी चाक धरलं, थोडं हलवून बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं खाली उतर म्हणून खुणावलं.

माझ्यानंतर बेलापूरवाला बसला. त्याचा पहिला गोळा जरा अलीकडे पडला. दुसऱ्यानं सांगाड्याचं दार उडवलं.

उस्तादांना माझं कोडं सुटेना. शेडमध्ये एवढा चांगला आणि माळावर असा कसा? शेवटी त्यांनी त्यांच्या अनुभवानं त्याचा अर्थ लावला. पोरगा खऱ्या तोफेला बिचकतो. आवाजाला घाबरतो. कच्च्या दिलाचा आहे. त्यांनी हे मला चारचौघांत सांगितलं नाही, पण तुकडीत पसरायला वेळ लागला नाही. मी रात्री झोपेत दचकतो, असंही कुणीतरी जोडून दिलं. मी पाथर्डीच्या मातीतला, कुणाच्या बापाला न भिणारा, आणि माझ्या नावाला हे चिकटलं. बेलापूरवाला इथंच राहणार हे ठरलं. मला गोळे भरणारा म्हणून सरहद्दीवर पाठवायचं ठरलं. हमालही करील म्हणालो होतो ना, तेच काम.

त्या रविवारी मी अक्काकडे गेलो ते तोंड उतरवूनच. दाजी ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. गोळे कुठं पडले, उस्ताद काय म्हणतात, आणि मला कुठं धाडणार. मला वाटलं होतं अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवील. तिनं हातातलं उलथनं खाली टाकलं आणि दाजींवर धावून गेली.

"तुमी तर म्हनले हुते पयला नंबर पक्का करून ठिवलाय म्हनून! आता गेलं ना माजं लेकरू तिकडं!"

मला आधी काही कळलंच नाही. मी अक्काकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजींनी मान खाली घातली. मग ते धूर, ते थोडं अलीकडे आणि मग थेट रणगाड्यावर, उस्तादांची शाबाशी, सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलं.

"म्हणजे शेडमध्ये तुम्ही करत होता?" मी म्हणालो.

"आरं, तुज्या भल्यासाटीच केलं," अक्का म्हणाली. आता ती रडत होती. "त्या बाईची तार म्या वाचली हाय. मला न्हाई अजून एक वाचायची. म्याच ह्यांना म्हनलं, तुमच्या हातात हाय तर करा. काय चुकलं?"

"मला नेम येत नाही, हे तुम्हाला दोघांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं," मी ओरडलो. "तिकडं मला भित्रा म्हणतात, अक्का! भित्रा!"

"म्हनू दे की. भित्रा तर भित्रा. जित्ता तर ऱ्हाशील."

मला एवढा संताप आला की रडूच फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी संताप आला. परक्यानं दगा दिला तर माणूस त्याच्या तोंडावर थुंकून निघून जातो. इथं ज्यांच्या घरचं मीठ खाऊन मी वाढलो त्यांनीच केसानं गळा कापला होता, आणि कापताना त्यांचे हात प्रेमानं थरथरत होते. मला कुणी विचारलं नव्हतं. मी रोज त्या तोफेवर छाती काढून बसत होतो आणि माझ्यासमोर, गोणपाटाच्या खाली, माझा माणूस पाठीवर पडून माझं खोटं रचत होता. बाहेर आल्यावर कपड्यांवरचा खडू झटकून, आजूबाजूला कुणी नसलं की मला म्हणत होता, "पाव्हणं, आज लई भारी झालं म्हनं तुमचं."

मग माझ्या मनात एक विचार आला आणि तो मला सोडीना. सगळेच धूर खोटे कसे असतील? इतके दिवस मी नेम धरत होतो. चाकाची ढिलाई असो, कंटाळा असो, कधीतरी, एखाद्या वेळी तरी ठिपका खरोखर रणगाड्यावर पडला असेलच. तेवढा एक मिळाला असता तर मी तो घेऊन सरहद्दीवर गेलो असतो आणि कुणी काहीही म्हटलं तरी मनातल्या मनात त्याला धरून राहिलो असतो.

"दाजी," मी म्हणालो, "खरं सांगा. त्यातला एखादा तरी माझा होता का?"

त्यांना एरवी खोटं बोलता यायचं नाही, ही त्यांची ख्याती होती. आताही आलं नाही.

"काय सांगू, पाव्हणं," ते म्हणाले. "उजेड कुठं पडतो ते म्या बगतच नव्हतो. उस्तादानं तुमचं नाव आन् टँक पुकारला का म्या आदीच नळी त्या टँकाखाली निऊन ठिवायचो. घोड्याचा आवाज आला का पयला धूर वाईच अलीकडं, दुसरा टँकावर. दुसऱ्या पोरांचं बगायचो, त्येंचं बगावंच लागायचं. तुमचं ठरल्यालंच हुतं."

मी ओसरीवरून उठलो. अक्का मागून हाक मारत राहिली.

पुढं मी सगळी नोकरी गोळे भरण्यात काढली. ज्यांनी नेम धरले त्यांच्यात चांगले होते, वाईटही होते, मी सगळ्यांचे गोळे भरले. तोफेवर बसायची संधी पुन्हा आली नाही, आणि आली असती तरी मी बसलो असतो का, ठाऊक नाही. दाजींशी पुढं बोलणं सुरू झालं, सणावाराला जाणं-येणंही झालं. त्यांच्या तिरडीला मी खांदा दिला. अक्का अजून आहे. विषय निघाला की अजून तेच म्हणते, तुझ्यासाठीच केलं ना रे.

माझ्यासाठी केलं, हे मी कधी नाकारलेलं नाही. मी जिवंत राहावं म्हणून केलं, हेही कबूल. खुशाल माझा धूर कुठंही सोडायचा होता. पण मला नेम धरता येत होता की नव्हता हे सबंध जगात एकाच माणसाला कळू शकत होतं. त्याला अंधारात पडून फक्त वर बघायचं होतं. नुसतं बघायला काय झालं होतं?